पिस्तुलासाठी हाताने शिवलेलं चामडी कव्हर : कोणी वापरतंय का?

हळद_पेठ (सांगली)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आमचा हळदीचा व्यापार, माझी तिसरी पिढी. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं हत्यार रीतसर माझ्या लायसनवर घेतलं. .३२ बोअरचं सेमी ऑटोमॅटिक, सरकारी कारखान्याचं. हंगामात फेब्रुवारी ते मे अवेळी फिरणं होतं, तेव्हा जवळ असतं. एरवी तिजोरीत.

अडचण कव्हरची आहे. बाजारात मिळालेलं नायलॉनचं कव्हर मऊ पडलंय. गाडीत बसलं की पिस्तूल आतल्या आत फिरतं, बाहेर काढलं की कव्हरचं तोंड मिटतं आणि परत घालताना दोन्ही हात लागतात. वडिलांच्या चपला तीस वर्षं शिवणारे एक काका मिरजेत आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मालक, हत्यार चार दिवस ठिवून जावा, असं बसवून देतो की अंगाला लागलेलं कळायचं नाही."

तर प्रश्न असा : चामड्याचं हाताने शिवलेलं कव्हर सुरक्षित असतं का? काय बघून घ्यावं? आणि काकांना काय सांगू?

ता.क. : हौसेमौजेसाठी नाही. कमरेला लटकवून मिरवायचा विचार नाही. तशा प्रतिक्रिया येणार हे गृहीत धरलंय.

कंदी_पेढा (सातारा)
"चार दिवस ठिवून जावा" 😂 मी स्कूटर सर्व्हिसिंगला दोन दिवस ठेवली तर पेट्रोल निम्मं झालेलं असतं. इथं राऊंड मोजून ठेवा मालक.

कोर्टाची_पायरी (कराड)
पेढा थट्टा करतोय, पण मुद्दा गंभीर आहे म्हणून आधी तोच. हत्यार काकांकडे ठेवू नका. चार दिवस नाही, चार तासही नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३ सरळ आहे : लायसनशिवाय कुणाला बंदुकीसारखं हत्यार ताब्यात ठेवता येत नाही. लायसन तुमचं, काकांचं नाही. कव्हर शिवायला त्यांना कसलाही परवाना लागत नाही, पण तुमचं पिस्तूल त्यांच्या ऐरणीशेजारी पडलेलं सापडलं तर ते बिचारे आणि तुम्ही, दोघेही माझ्या ऑफिसात बसलेले असाल. फी दोघांकडून घेईन.

दुसरं, कव्हर वापरणं ही नुसती सोय नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर त्यासाठीच बनवलेल्या कव्हरमध्ये अंगाला बांधलेलं हवं, नाहीतर पिशवीत. शिवाय ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. शर्ट खोचून पट्ट्यावर चमकत्या बटणाचं कव्हर लावून लग्नात फिरणारे जे दिसतात ना, ते नियमात बसत नाहीत. आणि वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत वेगळी तरतूद आली : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नदीपलीकडे
माझी प्रतिक्रिया गृहीत धरलेलीच आहे, तर टाकतोच. आज सगळा व्यवहार आरटीजीएसने होतो. शेतकऱ्याची पट्टी खात्यात जाते. मग कमरेला लोखंड कशाला? चार जण समोर आले तर तुम्ही काढणार, लॉक उघडणार, नेम धरणार? तोवर तेच हिसकावून नेतील. मग पोलिसांत हत्यार हरवल्याची तक्रार वेगळी.

विटेकर_गलाई
@नदीपलीकडे, तुमचं बरोबर असेल सांगलीपुरतं. आमचा धंदा सोनं-चांदी गाळायचा. विटा, खानापूर, आटपाडीची पोरं कुठल्या कुठल्या राज्यात भट्टी लावून बसलीत तुम्हाला माहीत आहे. सोनं आरटीजीएसने जात नाही हो. पण तुमची शेवटची ओळ पटली. माझ्या मावसभावाकडे लायसन होतं, त्यानं दोन वर्षांत परत केलं. म्हणाला, जवळ असलं की रात्री झोप लागत नाही आणि घरी ठेवलं की बाहेर जीव लागत नाही.

नदीपलीकडे
हेच तर म्हणतोय!

हळद_पेठ
@नदीपलीकडे, बाळगावं की नाही हा वेगळा धागा होईल, काढा, मी येतो भांडायला. इथे एवढंच धरून चाला की आहे, कायदेशीर आहे, आणि मला कुणाच्या मांडीत गोळी घालायची नाही. माझ्याही नाही.
@कोर्टाची_पायरी, धन्यवाद. काकांना आजच फोन करतो.

सुभेदार_अपशिंगे (सातारा)
मी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. गावाच्या नावापुढे मिलिटरी लावतात त्या गावचा. निवृत्तीनंतर काही वर्षं बँकेच्या गाडीवर होतो, तेव्हा .३२ चं पिस्तूल माझ्याही कमरेला असायचं. त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

कव्हरचं काम एकच : चापापर्यंत काही पोहोचू द्यायचं नाही. बोट नाही, शर्टाचं टोक नाही, जाकिटाची दोरी नाही. बाकी लवकर निघतं का, दिसायला कसं आहे, ते सगळं नंतर. चापाभोवतीची कडी, तुम्ही ट्रिगर गार्ड म्हणता ती, पूर्ण झाकलेली हवी आणि तिथलं कातडं इतकं ताठ हवं की बाहेरून अंगठ्याने दाबलं तरी आत चाप हलता कामा नये. हे रिकाम्या पिस्तुलावर तपासा.

आता रिकामं म्हणजे काय, ते. सेमी ऑटोमॅटिकमध्ये निम्मे अपघात या एका शब्दापायी होतात असं माझं मत. मॅगझिन, म्हणजे राऊंडांची डबी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं लोक समजतात. एक राऊंड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसलेला असतो, तो मॅगझिनबरोबर निघत नाही. क्रम असा : नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर सरळ, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे खेचून आतला राऊंड बाहेर, स्लाइड मागेच धरून डोळ्याने बघा, अंधार असेल तर करंगळीने चाचपा. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधला नवा राऊंड आत ढकलते. राऊंड खाली पडलेला दिसतो, माणूस निश्चिंत होतो, आणि पिस्तूल भरलेलं असतं. आमच्याकडे "जाँच शस्त्र" ही कवायत रोज का घोकून घेत, ते या पोरांना कळत नाही.

आणि एक : अपघात काढताना कमी, परत घालताना जास्त. काढताना माणूस सावध असतो. घालताना त्याला घाई असते, चहा गार होत असतो. परत घालताना बघून घाला, सावकाश घाला, अडलं तर ढकलू नका. अडलं म्हणजे आत काहीतरी आहे.

डॉक्टरीणबाई
सुभेदारसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००.

मी सर्जरीच्या रेसिडेन्सीत असताना रात्री एक गार्ड आणला होता. कव्हर नव्हतंच, पँटमध्ये खोचलेलं. जेवायला बसताना टोचतं म्हणून काढायला गेला. सोबतचा सारखा म्हणत होता, "मॅडम, मॅगझिन तर मी माझ्या हातानं काढलं होतं." गोळी मांडीतून आरपार गेली, मोठी रक्तवाहिनी दोन बोटांनी वाचली. तो वाचला, पण त्यानंतर किती तरी दिवस त्याला एकच गोष्ट समजत नव्हती, की रिकामं पिस्तूल उडलं कसं.

कंदी_पेढा
बाईंची प्रतिक्रिया वाचून थट्टा करायचं मन होईना. दहा मिनिटांनी येतो.

रापी_आरी (मिरज)
हा धागा माझ्याच गल्लीत आला म्हणायचा. आमच्या घरात चार पिढ्या चपला. मी स्वतः आता बॅगा, पट्टे, कॅमेऱ्याची कव्हरं करतो, आणि लायसनधारकांसाठी पिस्तुलाची दहाबारा कव्हरं शिवलीत. मोठ्ठी प्रतिक्रिया होणार, चहा घेऊन बसा.

कोल्हापुरी म्हटलं की लोकांना फक्त कोल्हापूर आठवतं. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात सांगली आणि सातारा दोन्ही आहेत. त्या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. कव्हरसाठी हेच हवं. बाजारात बॅगांना, सोफ्यांना जे मऊ लुसलुशीत मिळतं ते क्रोमवर कमावलेलं, त्याला आकार धरता येत नाही. भिजवलं आणि वाळवलं की पुन्हा आहे तसं. सालीवर कमावलेलं कातडं कोमट पाण्यात भिजवलं की कणकेसारखं होतं, जसं दाबाल तसं बसतं आणि वाळलं की ताठ. हाच सगळा खेळ आहे.

जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर. त्याहून पातळ नको. म्हशीचं चांगलं. शिलाई मशीनची नको. दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जाणारी. एखादा टाका झिजून तुटला तरी दुसरा दोरा धरून ठेवतो. मशीनचा एक टाका तुटला की ओळ उसवत जाते. दोन कातड्यांच्या मध्ये शिलाईच्या बाजूला कातड्याचीच एक पट्टी घालायची, म्हणजे स्लाइड आतून दोऱ्याला घासत नाही. पिस्तुलाच्या माशीसाठी, म्हणजे नळीच्या टोकावर नेम धरायला असतो त्या उंचवट्यासाठी, आत थोडी खाच सोडायची, नाहीतर काढताना माशी कातडं तासत राहते आणि तो भुसा आत साठतो.

सगळ्यात महत्त्वाचं तोंड. हळद_पेठ यांचं नायलॉनचं जे होतंय, तेच जुन्या मऊ पडलेल्या चामड्याचंही होतं : पिस्तूल काढलं की तोंड मिटतं, परत घालताना कातड्याची घडी आत वळते आणि तीच घडी चापावर जाऊन बसते. वरून दाबलं की झालं. म्हणून तोंडाला आणखी एक थर किंवा आत पातळ पत्र्याची पट्टी द्यायची, म्हणजे रिकामं असतानाही आ वासलेलं राहतं.

वरच्या पट्टीचं बटण कुठे येतं तेही बघा. मी एकदा बघितलेलं, पट्टी नेमकी सेफ्टीवरून, म्हणजे पिस्तूल चुकून उडू न देणाऱ्या कळीवरून, जात होती. बटण लावलं की सेफ्टी खाली दाबली जायची. म्हणजे बंद करायला बटण लावलं आणि उघडून ठेवलं. शिवणाऱ्यानं बिचाऱ्यानं कधी पिस्तूल हातात धरलेलं नव्हतं, त्याला काय माहीत ती कळ कसली.

चंदनवंदन (सातारा)
रापीभाऊ, जबरदस्त माहिती. माझं आपलं घरगुती ज्ञान : आजोबांच्या चामड्याच्या पट्ट्याला दर दिवाळीला एरंडेल लावायचो, चाळीस वर्षं टिकला. कव्हरला पण महिन्याला तेल चोळत जावं, मऊ राहील.

रापी_आरी
नको!! 🙏 पट्ट्याला लावा, चपलेला लावा, कव्हरला नको. चपलेला मऊपणा हवा, ती पायाशी जुळवून घेते. कव्हरनं हत्याराशी जुळवून घ्यायचंय, पण वाकायचं नाही. तेल पिऊन कातडं लोळागोळा होतं आणि मग वर लिहिलं ते सगळं : तोंड मिटणं, घडी, चाप. वर्षातून एकदा बाहेरून हलकंसं मेण चोळा, बास. आमच्या आज्याचं वाक्य होतं, "त्याल चपलेला, मेण म्यानाला."

चंदनवंदन
बरं झालं विचारलं. (लावून झालेलं आहे. माझ्या नाही, भावाच्या कव्हरला. त्याला आता फोन करतो.)

कंदी_पेढा
@चंदनवंदन, भावाला सांगा मालिश थांबव म्हणून. 😂

टीपी_सम्राट
सातारकर तेल, मिरजकर मेण. एकाच धाग्यात. कृष्णामाई दोघांच्या गावावरून वाहते, काय वाटत असेल तिला.

कंदी_पेढा
तिला आधी भडंग की पेढा हे ठरवायचंय.

आयर्विन_१९२९ (सांगली)
माझा अनुभव लिहितो, थोडा लाजिरवाणा आहे.

२०१९ च्या ऑगस्टचा पूर. आमच्या गल्लीत पाणी शिरायच्या आदल्या रात्री सगळे मामाकडे उंचावर गेलो. मामांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या जुन्या चामडी कव्हरसकट कपाटाच्या वरच्या फळीवर, आमच्याच घरी राहिलं होतं. ते कपाटात का होतं, तिजोरीत का नव्हतं, हे विचारू नका, मामा अजून त्या विषयावर बोलत नाहीत. पाणी त्या फळीपर्यंत आलंच नाही. पण घर दहा दिवस बंद, भिंती ओल्या, हवा ओली. उघडलं तर कव्हर हिरव्या बुरशीनं मखमली झालेलं आणि आतल्या लोखंडावर काळे डाग आणि तांबेरा. पाण्याचा एक थेंब न लागता. मामांचं म्हणणं, चामडं चांगलं असतं, हत्यार त्यात सुरक्षित राहतं. राहतं की! राहिलं ना!

रापी_आरी
काळे डाग कशाचे ते सांगतो. हिरड्याचं पाणी आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं, जुनी शाई त्यावरच करायचे. सालीवर कमावलेल्या कातड्यात तोच रस असतो. कातड्याला ओल लागली आणि आत लोखंड दाबून ठेवलं, की शाई तुमच्या पिस्तुलावर. क्रोमच्या कातड्यातल्या क्षारांनीही गंज चढतो, त्यामुळे त्यातही सुटका नाही. म्हणून चामडी कव्हर हे बाळगायला, ठेवायला नाही. घरी आलात की हत्यार बाहेर, पुसून, हलका तेलाचा हात मारून तिजोरीत. कव्हर वेगळं, हवेशीर. भिजलं तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीपाशी ठेवलंत तर तडकतं.

(तेल हत्याराला, मेण कव्हराला. चंदनवंदन, लिहून घ्या.)

सुभेदार_अपशिंगे
आणि आयर्विन यांच्या मामांना सांगा, घरात लहान पोरं असोत नसोत, हत्यार कुलपात आणि राऊंड वेगळ्या कुलपात.

विटेकर_गलाई
सुभेदारसाहेब, एक शंका. चेंबर रिकामी ठेवून बाळगावं की भरून? आमच्याकडे दोन तट आहेत. एक म्हणतो रिकाम्या चेंबरचं पिस्तूल म्हणजे वीट. दुसरा म्हणतो भरलेल्या चेंबरचं पिस्तूल म्हणजे बायकोला विधवा करायची सोय.

सुभेदार_अपशिंगे
माझं उत्तर लोकांना आवडत नाही, पण देतो. नागरिकानं चेंबर रिकामी ठेवावी. मॅगझिन भरलेलं आत, चेंबर रिकामी. आमच्या हातात जी पिस्तुलं असायची त्यांच्यावर आम्ही वर्षानुवर्षं घासलेलो. तुम्ही वर्षातून पाच राऊंड झाडता, तेही दसऱ्याला पूजेच्या आधी आठवण झाली तर. जुन्या बनावटीच्या बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिनला, म्हणजे राऊंडवर आदळणाऱ्या खिळ्याला, अडवणारी वेगळी कळ नसते. भरलेल्या चेंबरनिशी पिस्तूल फरशीवर पडलं, नेमकं तसं पडलं, तर चाप न ओढताही उडू शकतं. आपलं कुठल्या बनावटीचं आहे ते लायसनधारकालाच माहीत नसतं, हा खरा घोटाळा.

विटेकर_गलाई
पटतंय अर्धं. स्लाइड ओढायला दोन हात लागतात, एका हातात पिशवी असते. पण वाद नको, तुम्ही अनुभवी.

सुभेदार_अपशिंगे
वाद घाला की. पिशवी खाली टाका. सोनं परत मिळेल.

विटेकर_गलाई
सोनं परत मिळेल हे विट्यात येऊन बोलून दाखवा साहेब 😄

गूळ_खोबरं
मध्येच एक अडाणी प्रश्न. माझ्या काकांकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, हळद_पेठ यांच्याकडे .३२ चं पिस्तूल. म्हणजे राऊंड एकच ना?

सुभेदार_अपशिंगे
नाही. अडाणी नाही, फार चांगला प्रश्न आहे. नाव एक, काडतूस वेगळं. आपल्याकडचं कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर लांब, कडेला कंगोरा असलेलं काडतूस खातं. पिस्तुलाचं .३२ आखूड, ब्राउनिंगनं १८९९ च्या सुमारास आणलेलं, ७.६५ मिमी. अदलाबदल नाही. विकत घेताना दुकानदाराला हत्यार कुठलं ते स्पष्ट सांगायचं. कव्हरचंही तेच : रिव्हॉल्व्हरसाठी शिवलेल्यात पिस्तूल घालू नका. "दोन्ही .३२ आहेत" म्हणून घालतात आणि ते आत खुळखुळतं.

सतारीची_तार (मिरज)
मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही की. पिस्तूल काकांकडे ठेवायचं नाही, तर काका माप कशावर घेणार?

लाकडी करून घ्या! आमच्या सतारमेकर गल्लीत या. तंबोरा-सतारीच्या दांडीला तून लाकूड वापरतो, त्याचे तुकडे पडलेलेच असतात. पिस्तूल तुमच्याच हातात, तुमच्याच घरात, रिकामं करून, कॅलिपरने मापं घ्या, कागदावर बाजूनं बाह्यरेषा मारा. त्यावरून आमचा पोरगा दोन दिवसांत ठोकळा कोरून देईल. आमच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मिळालाय, म्हणजे तुमच्या कव्हरला दोन-दोन जीआयचे आशीर्वाद.

रापी_आरी
हे बेस्ट! मी पण असंच करतो, फक्त सागाचा ठोकळा. दोन गोष्टी : लाकडाला आधी वॉर्निश मारा किंवा प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर ओल्या कातड्यातलं पाणी पिऊन ठोकळा फुगतो आणि कव्हर सैल होतं. आणि ट्रिगर गार्डचं भोक कोरू नका, भरीवच ठेवा, कातडं आत दबायला नको. मग हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडी काडीने कडा दाबत दाबत आकार उठवायचा. दोन दिवस सावलीत.

कोर्टाची_पायरी
आयडिया उत्तम, पण वकील म्हणून तिसरी गोष्ट : ठोकळा काळा रंगवू नका. नैसर्गिक लाकडाचा रंग ठेवा, वर हळदीचा पट्टा मारा हवं तर. रात्री नाकाबंदीत डिकीत हुबेहूब काळं पिस्तूल निघालं तर पहिले दहा मिनिटं लाकूड की लोखंड हा वाद फार वाईट जातो.

कंदी_पेढा
म्हणजे मिरजेतल्या तंबोऱ्याच्या दुकानात जायचं, "एक पिस्तूल द्या" म्हणायचं, तिथून चपलेच्या दुकानात जायचं, "हे मापाला घ्या" म्हणायचं. वाटेत कुणी ऐकलं तर?

सतारीची_तार
ऐकलं तर म्हणायचं, सा लावतोय.

कृष्णाकाठ_कन्या (वाई)
आधीपासून वाचतेय. माझा नवरा कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर आहे, कमरेला असतं. दोन घरगुती गोष्टी, कुणी लिहिल्या नाहीत म्हणून.

एक, घरी आल्यावर तो कव्हरमधून पिस्तूल उपसत नाही. आधी कव्हरसकट पट्ट्यावरून काढतो, शांत खोलीत जाऊन मगच रिकामं करतो. कमरेला असताना जितक्या वेळा उपसून घालाल तितक्या वेळा चुकायची संधी. म्हणून कव्हर असं शिवा की पट्ट्यातून भरल्या पिस्तुलासकट सहज निघेल.

दोन, संडास. हसू नका. बाहेर कुठे गेलात की पँट खाली, पट्टा खाली, पिस्तूल खाली. किंवा माणूस काढून टाकीवर ठेवतो आणि विसरून बाहेर येतो. त्याच्या ओळखीत एकाचं राहिलं होतं, ढाब्यावर. पुढच्या माणसानं बाहेर येऊन ओरडून विचारलं, "हे कुणाचं हो?"

कंदी_पेढा
😂😂😂 ढाब्यावरची ती शांतता मी कल्पनेत बघू शकतो.

डॉक्टरीणबाई
ताई, हे खरंच महत्त्वाचं आहे. पट्टाही जाड हवा. आपल्या साध्या पट्ट्यावर पाऊण किलोचं वजन लोंबलं की कव्हर बाहेर कलंडतं.

नदीपलीकडे
एवढे सगळे नियम वाचून माझा मूळ मुद्दाच सिद्ध होतोय असं मला वाटतं, पण वाचायला मजा आली. रापी_आरी, तुमच्याकडे मोबाइलचं कव्हर मिळेल का, सालीच्या कातड्याचं?

रापी_आरी
मिळेल. चाप नसलेल्या वस्तूंना कमी पैसे.

अवांतर_आठवण
अवांतर : पिस्तुलावरून आठवलं, कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते. नेमबाजीच्या पोरींना कधी कमरेला लावून फिरताना पाहिलंय? पिस्तूल पेटीत बंद, वर चेंबर रिकामी आहे हे दाखवायला त्यात झेंडी अडकवलेली. बाळगणाऱ्यांनी महिन्यातून एकदा एखाद्या रेंजवर जाऊन त्या पोरींची शिस्त बघून यावी.

सुभेदार_अपशिंगे
या प्रतिक्रियेला माझा सलाम. चेंबर झेंडी दहा रुपयांची प्लॅस्टिकची असते. घरी ठेवतानाही घालता येते.

हळद_पेठ (पाच आठवड्यांनी)
धागा वर काढतोय, अपडेट द्यायचा राहिला होता.

मिरजेत जाऊन तुनाचा ठोकळा करून घेतला. पोरानं ट्रिगर गार्ड भरीव ठेवला, वॉर्निश मारलं. चप्पलवाल्या काकांना दिला तेव्हा त्यांनी उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "मालक, ह्यात गोळ्या कुठनं घालायच्या?" कव्हर त्यांनीच शिवलं. बटणाची पट्टी सेफ्टीवरून जातच होती, रापीभाऊंनी लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं. कागदावर सेफ्टीची कळ कुठे येते ते काढून दाखवलं, तेव्हा पट्टी मागे घेतली.

घरी रिकाम्या पिस्तुलावर तपासण्या केल्या. उलटं धरून गादीवर हलवलं, पडलं नाही. बाहेरून दाबलं, चाप हलत नाही. काढून ठेवलं, तोंड उघडंच. फक्त माशी थोडी घासते, आत खाच करायची राहिली. काकांनी ती पुढच्या आठवड्यात करून देतो म्हटलंय, ठोकळ्यावरच.

आणि तेवढ्यात आचारसंहिता लागली. हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस आली. घेऊन गेलो तर हवालदारांनी कव्हर हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं, "लै भारी शिवलंय, ह्याच्यासकट ठेवू का?" म्हणाले. मी म्हटलं नको, महिनाभर कातड्यात राहिलं तर डाग पडतील, नुसतंच ठेवा, तेल लावून आणलंय. पावती घेतली. कव्हर घरी खुंटीवर आहे आणि त्यात सध्या मिरजेचा ठोकळा.

कंदी_पेढा
म्हणजे पाच आठवडे, दोन जीआय, एक वकील, एक सुभेदार, एक डॉक्टर, आणि कमरेला शेवटी तंबोरा.

रापी_आरी
खाच करायला काकांकडे जाल तेव्हा त्यांना मेणाचं सांगा. तेल लावतील नाहीतर.